'एसाइझ्मिक'मधला 'अ' कोणता?

भूविज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकांत 'एसाइझ्मिक' हे विशेषण अधूनमधून भेटते. ग्रीक भाषेत 'सेइस्मोस' म्हणजे हादरा. त्याआधी लागलेला 'अ' हा आपल्या 'अज्ञात'मधल्या 'अ'चाच भाऊबंद. म्हणून मराठीत सरसकट 'भूकंपरहित' असे लिहिले जाते. व्याकरणाला हे चालते. विज्ञानाला चालत नाही.

हे विशेषण तीन गोष्टींना लावतात. प्रस्तरभंगाच्या दोन बाजू कधीकधी हादरा न देता हळूहळू सरकतात. ते सरकणे एसाइझ्मिक. धक्का सोसेल अशी बांधणी एसाइझ्मिक. आणि जिथे भूकंप क्वचित होतात तो प्रदेशही एसाइझ्मिक.

संस्कृत वैयाकरणांनी नकारदर्शक 'अ'चे सहा अर्थ सांगितले आहेत. त्यांपैकी अभाव, विरोध आणि अल्पता हे तीन येथे नेमके लागू पडतात. सरकण्यात हादऱ्याचा अभाव आहे, बांधणीत विरोध आहे, प्रदेशात मात्र केवळ अल्पता आहे. 'अनुदरा' म्हणजे पोट नसलेली स्त्री नव्हे, बारीक पोटाची. 'भूकंपरहित प्रदेश' म्हणताना आपण अल्पतेच्या जागी अभाव बसवतो.

ही चूक केवळ शब्दांची नाही. दख्खनचे पठार स्थिर समजले जाई. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला. १९७० च्या सुधारित नकाशातून 'शून्य' हा विभागच काढून टाकला गेला. तरी किल्लारीचा परिसर 'एक' या सर्वांत खालच्या विभागात होता. १९९२ च्या ऑक्टोबरात तेथे धक्के जाणवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागात ७,९०० हून अधिक माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद त्यांच्या अंगावर कोसळले. घरे शब्दामुळे पडली नाहीत, हे खरे. पण प्रदेश 'रहित' ठरल्यावर घर धक्का सोसेल का, हे विचारणार कोण?

भूपट्टाच्या अंतर्भागात ताण फार सावकाश साठतो. एकाच जागी दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षे जाऊ शकतात. आपल्या नोंदी काही शतकांच्याच. 'नोंद नाही' म्हणजे 'घडत नाही' नव्हे. २००२ मध्ये विभाग 'एक'ही रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर 'तीन'मध्ये गेला. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. ते नांदेडलाही जाणवले.

'भूकंपरोधक घर' हा प्रयोगही तपासावा. जलरोधक कापड पाणी अडवते. घर भूकंप कसा अडवणार? ते तो सोसते. म्हणून 'भूकंपसह' बरा. प्रदेशासाठी 'अल्पभूकंपी' आणि सरकण्यासाठी 'निष्कंप' असे शब्द वापरता येतील.

शिक्षकांनी हा शब्द फळ्यावर लिहिला, तर अर्थ सांगण्याआधी मुलांना एकच प्रश्न विचारावा: यातला 'अ' कोणता? किल्लारीच्या जवळपासच्या वर्गात तरी त्याचे उत्तर नुसते पाठ करून भागणार नाही.