अकरा किलोमीटर, पाच सेकंद

घाटकोपर ते वर्सोवा मेट्रोचा मार्ग ११.४ किलोमीटरचा, स्थानकं बारा, वेळ वीस-बावीस मिनिटं. व्लॉगमध्ये हे सगळं पाच सेकंदांत आटोपतं. कार्डाचा बीप, दार लागलं, खिडकीबाहेर साकीनाक्याची पत्र्याची छपरं सरकली, दार उघडलं की वर्सोवा. तरी प्रवास घडल्यासारखा वाटतो, ही एडिटिंगची करामत.

२३ एप्रिल २००५ला यूट्यूबवर आलेला पहिला व्हिडिओ १९ सेकंदांचा होता. प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून जावेद करीम बोलतो. एडिटिंगची करामत सोडाच, एकही कट नाही. उलट त्याच वर्षीच्या निशिकांत कामत यांच्या ‘डोंबिवली फास्ट’ या चित्रपटाची सुरुवात आठवा. माधव आपटेचा घर, लोकल, बँक, पुन्हा घर हा दिनक्रम फिरून फिरून येतो आणि तुकडे आखूड होत जातात. माणूस तोच, गाडी तीच. कापण्याच्या वेगाने कंटाळ्याची घुसमट होते. आजचा व्लॉगर हेच तंत्र उलट्या कामाला लावतो आणि रोजचा रटाळ प्रवास चटपटीत करतो.

त्याचं लाडकं हत्यार जंप कट. १९६०मध्ये ‘ब्रेथलेस’ या चित्रपटातून दिग्दर्शक गोदारने तो गाजवला, आता बोरिवलीचा कॉलेजकुमार लोकलमध्ये उभ्याउभ्या फोनवर करतो. श्वास, ‘म्हणजे ना’, ‘ॲक्च्युअली’ सगळं उडवतो. चेहरा टुणकन सरकतो, बोलण्याला वेग येतो. दहा मिनिटं तेच चाललं की मात्र डोकं भणाणतं.

मुरलेला हात ओळखावा तो आवाजावरून. पडद्यावर आई अजून पोह्यांवर खोबरं भुरभुरत असते आणि खालून ‘पुढील स्टेशन, अंधेरी’ ऐकू येतं. चित्र मागाहून बदलतं. आधी कान गाडीत चढतात, मग डोळे. एडिटर याला जे-कट म्हणतात. सांधा दिसत नाही, ओढ तेवढी जाणवते.

दुसरी खूण थांबण्याची. मुंबई सोडून सिंधुदुर्गात गेलेल्या जोडप्याचं ‘रेड सॉइल स्टोरीज’ हे चॅनेल पाहा. बोलणं अगदी कमी. चिरण्याचा, फोडणीचा, पावसाचाच आवाज. शॉट निवांत, तरी व्हिडिओ रेंगाळत नाही, कारण हातातलं काम पुरं झालं की शॉट संपतो.

गणपतीच्या व्लॉगमध्ये या दोन्ही गती एकत्र येतात. बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनी डेपोतून सुटलेली एसटी धडाधड कटांत कोकणात पोचते. दारात आजी उभी असते. ‘दमलंस?’ विचारून ती पाणी आणायला आत वळते, आणि चांगला एडिटर तरीही कापत नाही. तांब्या घेऊन ती परत येईपर्यंत रिकामा उंबरा तसाच दाखवतो. आधीच्या सगळ्या धावपळीचं मोल इथे वसूल होतं.

माझ्या लेखी कुठे कापू नये हे ज्याला कळतं, तोच खरा एडिटर. म्हणून विनंती एवढीच: असा व्लॉग दीडपट वेगाने पाहू नका. त्याने बसवलेला ठेका आपल्याच बोटाने मोडतो.