चंद्रावरचा ससा आणि पुसलेल्या पाट्या

शाळकरी मुलींसाठी काढलेल्या एका कार्टून मालिकेवर मोठी माणसे तीस वर्षे हिरीरीने भांडत राहतात, हे ऐकून कुणालाही हसू येईल. ‘सेलर मून’ या जपानी मालिकेच्या बाबतीत मात्र तसे घडले आहे. ७ मार्च १९९२ रोजी ती जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि २०० भाग होऊन फेब्रुवारी १९९७ मध्ये संपली. तेव्हा फ्रॉक घालून ती पाहणाऱ्या मुली आता चाळिशीत आल्या. तरी मालिकेची अस्सल आवृत्ती कोणती, तिची नायिका मुलींपुढे ठेवण्याजोगी आहे की नाही, यावर त्यांचे एकमत झालेले नाही. या वादाच्या मुळाशी एक प्रश्न आहे : एखादी गोष्ट एका भाषेतून दुसरीत नेताना काय बदलले तर चालते, आणि काय बदलले की ती गोष्ट तीच राहत नाही? घरात एक भाषा आणि उंबऱ्याबाहेर दुसरी, अशा मुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न परका नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडी कथा. नाओको ताकेऊची या चित्रकथालेखिकेने ‘नाकायोशी’ या मुलींच्या मासिकासाठी ती लिहिली आणि तोएई या संस्थेने तिची मालिका केली. नायिका उसागी चौदा वर्षांची. अभ्यासात ढ, सकाळी उशिरा उठणारी, खादाड आणि पहिल्या प्रतीची रडवी. एक बोलणारी काळी मांजर तिला सांगते, की तू एक योद्धा आहेस. मग हुशार आमी, देवळात राहणारी तापट रेई, दांडगी पण सुगरण माकोतो आणि नाटकी मिनाको अशा चौघी तिला येऊन मिळतात. मंत्र म्हटला की त्यांचा वेश पालटतो आणि त्या दुष्ट शक्तींशी लढतात.

जादूगार मुलीची मालिका जपानला नवी नव्हती. ‘सॅली’ ही पोर १९६६ सालीच तेथील पडद्यावर आली होती. पण पूर्वीच्या मुली जादूने घरातल्या आणि शाळेतल्या अडचणी सोडवीत. पाच जणांनी मिळून शत्रूशी झुंजायचे, हा साचा प्रामुख्याने मुलग्यांच्या मालिकांचा. ताकेऊचीबाईंनी हे दोन प्रवाह एकत्र आणले आणि चिलखताच्या जागी जपानी शाळेतल्या मुलींचा गणवेश ठेवला. मालिकेचे नवेपण या जोडणीत आहे.

आता प्रेक्षकांच्या तक्रारी. पहिली तक्रार तोचतोचपणाची. दर भागात एक राक्षस, तेच वेशांतर, तेच अस्त्र. ही तक्रार खरी आहे आणि तिचे कारण व्यवहारी आहे. दर आठवड्याला एक भाग काढायचा तर एकदा काढलेले वेशांतर पुन्हा पुन्हा वापरल्याने चित्रांचा खर्च वाचतो. मोठ्यांना ते कंटाळवाणे होते. लहानांना तोच भाग पाठ असतो आणि हवाही असतो. कीर्तनातला गजर रोज तोच असतो म्हणून कुणी उठून जात नाही. दुसरी तक्रार आखूड झग्यांची आणि खेळण्यांची. मालिकेतली प्रत्येक नवी कांडी बांदाई कंपनीच्या खेळण्यांतून दुकानात पोचत होती, हे नाकारता येत नाही. चौदा वर्षांच्या मुलींची चित्रे काढताना काही ठिकाणी सुटलेला तोलही मला खटकला.

तिसरी तक्रार अधिक गंभीर आहे. नायिका इतकी रडकी का? मुलींना धीट नायिका हवी, असे म्हणणारे पालक चुकीचे बोलत नाहीत. पण मला वाटते, ते अर्धेच पाहतात. उसागी रडते आणि तरी जाते. भीती वाटतच नाही तिचे धैर्य मुलांना दुरून पाहावे लागते. जिचे पाय लटपटतात तिच्यात त्यांना स्वतःला पाहता येते. विसाव्या-पंचविसाव्या भागापर्यंत तिच्या रडण्याला मीही वैतागलो होतो. शेवटाकडे जाताना कळते, की ते रडणे ही त्या पात्राची मेख आहे.

खरा वाद सुरू होतो तो अमेरिकेत. डीआयसी या कंपनीने १९९५ मध्ये मालिका इंग्रजीत आणली आणि उसागीची सेरीना केली. वरवर पाहता त्यात काय मोठेसे? पण तिचे पूर्ण नाव त्सुकिनो उसागी. कानाला त्याचा अर्थ लागतो ‘चंद्रावरचा ससा’. जपानी मुलांना चंद्रावरच्या डागात उखळात मुसळ घालून तांदूळ कांडणारा ससा दिसतो. आपल्यालाही तेथे ससाच दिसतो. म्हणून तर चंद्र शशी आणि शशांक झाला. भुकेल्या अतिथीसाठी अग्नीत उडी घेणाऱ्या सशाची जातककथा बौद्ध परंपरेबरोबर जपानपर्यंत गेली आणि तेथल्या जुन्या कथासंग्रहातही सापडते. म्हणजे टोकियोतल्या या पोरीचे नाव मराठी वाचकाला न समजावता कळते. जर्मन आणि इटालियन आवृत्त्यांनी तिला ‘बनी’ म्हटले, ससा वाचला. सेरीना या नावात ससा हरवला. नाव बदलले म्हणून माझी तक्रार नाही; नाव बदलताना ससा नेता आला असता, ही तक्रार आहे.

नावांवर भागले नाही. दुकानांवरच्या जपानी पाट्या पुसण्यात आल्या. काही दृश्ये आरशातल्यासारखी उलटी केली, म्हणजे मोटारी अमेरिकेप्रमाणे उजवीकडून धावाव्यात. मूळ संगीतही बऱ्याच प्रमाणात बदलले. पाटीवरची अक्षरे कोणत्या लिपीत असावीत, हा प्रश्न आपल्या भागात किती पोटतिडकीचा आहे हे मी सांगायला नको. पाटी पुसली की गाव नाहीसे होत नाही. पण नव्याने येणाऱ्याला ते कुणाचे गाव आहे हे कळेनासे होते. अमेरिकन मुलांना ही गोष्ट टोकियोत घडते हे कळू नये, असा हा खटाटोप होता. मुले दूरच्या गावाची गोष्ट ऐकतात ती दूरचे गाव पाहायला मिळावे म्हणूनच, हे त्या मंडळींच्या ध्यानात आले नसावे.

सर्वांत मोठी कात्री पहिल्या पर्वाच्या शेवटी लागली. मूळ मालिकेत पंचेचाळिसाव्या भागात त्या पाच जणी उत्तर ध्रुवावर जातात. उसागीला पुढे जाता यावे म्हणून आधी माकोतो, मग आमी, मग मिनाको आणि शेवटी रेई प्राण देते. उसागी कोलमडते, आपल्याजवळचा स्फटिक शत्रूला देऊन टाकू आणि हे थांबवू, असे म्हणू लागते. पुढच्या भागात ती एकटी लढते, जिंकते आणि मरते. मरताना ती राज्य मागत नाही. पूर्वीसारखी साधी शाळकरी मुलगी होऊ दे, एवढेच मागते. मग सकाळ होते. ती नेहमीप्रमाणे उशिरा उठते आणि धावत शाळेत जाते. पाचही जणींना काहीच आठवत नाही.

डीआयसीने या दोन भागांचा एक केला. मैत्रिणी मरत नाहीत, त्यांना शत्रू पकडून नेतो. भागाच्या शेवटी बोधपर चार शब्द सांगण्याची सोयही त्या आवृत्तीत होती. मुलांना मरण दाखवू नये, हा हेतू मी समजू शकतो. पण मरण काढल्याबरोबर शेवटची सकाळही फुकट गेली. ज्या मुलीने सर्वस्व गमावले तिला शाळेला होणारा उशीर हे वरदान आहे. जिने काही गमावलेच नाही तिला तो नुसता उशीर. मूळ आवृत्ती पाहिलेल्या प्रेक्षकांचा राग येथे एकवटला आहे आणि तो मला रास्त वाटतो. पुढे २००० साली दुसऱ्या संस्थेने तिसरे पर्व इंग्रजीत आणले, तेव्हा युरेनस आणि नेपच्यून या परस्परांवर प्रेम करणाऱ्या दोघींना नात्याने बहिणी ठरवले. चित्रे मात्र तीच राहिली. परिणामी लपवायचे ते लपले नाहीच, उलट अधिक चमत्कारिक दिसू लागले.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. अमेरिकेत मालिका आडवेळी दाखवली गेली आणि पुढच्या भागांचे काम थांबले. तेव्हा ती वाचवण्यासाठी प्रेक्षकांनी मोहीम काढली, प्रायोजकाचा माल मुद्दाम विकत घ्या असे एकमेकांना सांगितले. ज्या आवृत्तीला आपण मोडकी म्हणतो तिच्यासाठीच ही मंडळी धडपडली. अनेकांनी तिच्यामुळेच पुढे मूळ जपानी फिती शोधल्या. वाईट भाषांतरानेही वाचक मूळ ग्रंथाकडे वळतो, हे आपण साहित्यातही पाहिले आहे. मूळ ते सारे उत्तम, असे म्हणणाऱ्या कडव्या प्रेक्षकांशीही माझे जमत नाही. चौथे पर्व पसरट आहे, त्यात उसागीपेक्षा चिबिउसा या छोट्या मुलीलाच सारी जागा मिळते. आणि ते जपानीत पाहिले म्हणून कमी पसरट होत नाही.

२०१४ पासून एका अमेरिकन प्रकाशनसंस्थेने काटछाट न करता नवे इंग्रजी ध्वनिमुद्रण आणले. त्यात उसागी उसागीच आहे, पाट्या जपानीच आहेत आणि ध्रुवावरचे मरणही जागच्या जागी आहे. मुले बुचकळ्यात पडली नाहीत. आपल्या घरातली मुले तर तीन भाषांची नावे रोज जिभेवर खेळवतात. त्यांना ‘उसागी’ जड जाण्याचे कारण नाही. ही मालिका मुलांना दाखवायची असेल तर हीच आवृत्ती निवडावी, आणि पंचेचाळिसावा नि सेहेचाळिसावा भाग पाठोपाठ, शेजारी बसून पाहावा. पाचवी-सहावीच्या आधी दाखवण्याची घाई नको. पोर रडले तर रडू द्यावे. मग अंगणात नेऊन चंद्रावरचा ससा दाखवावा आणि त्याला आपल्याकडे काय म्हणतात तेही सांगावे.