पाच आल्बम आणि एक पेटी

परीक्षक होण्याची हौस मला आयुष्यात एकदाच आली आणि एकदाच फिटली. एका गावच्या भजनस्पर्धेत मी पहिला नंबर जाहीर केला, तेव्हा दुसऱ्या नंबरच्या बुवांच्या मंडळींनी मला एस.टी.पर्यंत पोचवायला येण्याचा फारच प्रेमळ आग्रह धरला. मी मागच्या पाणंदीने पळ काढला. त्यानंतर कुणाला नंबर द्यायचा नाही, असं ठरवून टाकलं होतं.

पण २०२३च्या दिवाळीला पुतण्या मुंबईहून मालवणला आला तो ग्रॅमीची यादी घेऊनच. कारीट फोडून, पोहे खाऊन मी पडवीत टेकतोय, तोच त्याने फोन पुढे केला. "काका, ह्यातलो पयलो कोण, सांगा बघू!"

स्पर्धेचं नाव 'सर्वोत्कृष्ट ग्लोबल म्युझिक आल्बम'. २०२० सालापर्यंत तिथे 'वर्ल्ड' हा शब्द होता, तो काढून 'ग्लोबल' घातला. पाटी बदलली, पण दुकानातला माल तोच. खानावळीच्या फळ्यावर खाली 'इतर पदार्थ' लिहितात ना, तसं आहे हे. अमेरिकेच्या ताटात जे बसत नाही ते सगळं जग इथे. यादीत पेरूची एक बाई, ग्वादलूपची गायिका असलेला एक ताफा, नायजेरियाचे दोन बुवा आणि आपली 'शक्ती'. (पेरू म्हटल्यावर आमच्या काकीने परसाकडे बघितलं. तिचं वय पंच्याऐंशी, पण कान शाबूत.)

पहिला लागला बर्ना बॉय. आल्बमचं नाव 'आय टोल्ड देम', म्हणजे 'मी सांगितलेलंच'. हे बक्षीस त्याने २०२१ साली एकदा नेलेलं आहे, त्यामुळे छाती मुळातच पुढे. आवाज भारदस्त, ठेका झकास. पण तासभर माणूस आपलीच थोरवी सांगतोय. काकीने एकच प्रश्न विचारला, "हेका उत्तर कोण देतलो?"

मी समीक्षेची बरीच पुस्तकं वाचली आहेत, पण इतकी नेमकी ओळ क्वचित सापडली. आमच्या डबलबारीत बुवा फुशारकी मारतो ती समोर दुसरा बुवा पेटीवर बोटं ठेवून टपून बसलेला असतो म्हणून. पुढच्या बारीत तो याची साल काढणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. समोर कुणी नसताना मारलेली फुशारकी म्हणजे आरशापुढचं भाषण! दुसरा नायजेरियन डेव्हिडो. त्याच्या 'टाइमलेस'मध्ये सतरा गाणी, सगळी वरातीची. नवरदेव काही घरी पोचत नाही.

'बोकांते' ऐकताना मात्र मी सावरून बसलो. ताफ्याचा म्होरक्या मायकेल लीग अमेरिकन, पण गाणारी मलिका तिरोलियँ ग्वादलूपची, आणि गाते तिथल्या क्रिओल बोलीत. बोकांते म्हणजे त्या बोलीत देवाणघेवाण. एक अक्षर कळलं नाही. पण ही घरातली भाषा आहे, हे कळलं. १९८०च्या सुमाराला 'वस्त्रहरण'मुळे मालवणी मुंबईच्या रंगमंचावर ताठ मानेने उभी राहिली, तेव्हा अशीच मान आमचीही ताठ झाली होती. 'हिस्ट्री' हा आल्बम मला आवडला. फक्त जरा जास्तच इस्त्री केलेला वाटला.

मग सुसाना बाका. जन्म १९४४चा. २०११ साली ही बाई काही महिने पेरूची संस्कृतिमंत्री होती. गाता येणारा संस्कृतिमंत्री! आपल्याकडे ऐकता येणारा मिळाला तरी पुरे. तिच्या परंपरेतलं वाद्य काहोन. तिकडच्या आफ्रिकन गुलामांनी मालाची खोकी उपडी घालून वाजवायला घेतली, त्यातून ते आलं म्हणतात. म्हणजे ती पेटीच. आपल्याकडे भजनाचीही पेटी आणि देवगडच्या हापूसचीही पेटी; पण आंब्याच्या पेटीवर बसून ताल धरायचं आपल्याला सुचलं नाही. आपण तिच्यावर फक्त भाव केला! बाईंचा आवाज आता विरलाय, खूप वेळा धुतलेल्या लुगड्यासारखा. जेवढं येतं त्यापेक्षा कमीच गातात. काकी म्हणाली, "ही बाय हंय रडली नाय. रडान इलेली आसा."

शेवटी 'शक्ती'चा 'धिस मोमेंट'. झाकीर हुसेन, जॉन मॅक्लॉफ्लिन, शंकर महादेवन, सेल्वगणेश, गणेश राजगोपालन. काय बोलणार? पण बोलतो. आमचा पखवाजी लांब कुठेतरी निघून जातो, आणि हा समेवर परत येतो की नाही म्हणून मांडवाचा श्वास अडकतो. इथे ती भीतीच नाही. सगळे वेळेवर घरी येणार, हे पहिल्या मिनिटाला कळतं. मी पहिला नंबर सुसानाबाईंना दिला.

फेब्रुवारी २०२४मध्ये निकाल लागला. 'शक्ती' पहिली! झाकीरभाईंनी त्या एका रात्रीत तीन ग्रॅमी घेतले. पुतण्याचा फोन, "काका, हरलात!" मी टाळ्या वाजवल्या, पेढेही वाटले. माझा निकाल मात्र बाजारात कुठे बोललो नाही. ती पाणंद आता बुजली आहे.

१५ डिसेंबर २०२४ला झाकीरभाई गेले. त्या आठवड्यात संध्याकाळी मी पुन्हा 'धिस मोमेंट' लावला. त्यातलं 'श्रीनीज ड्रीम' हे २०१४ साली गेलेल्या मँडोलिनवादक यू. श्रीनिवासांच्या आठवणीचं. मित्रासाठी वाजवलेला तो तबला आता वाजवणाऱ्याच्याही आठवणीचा झाला होता. समेची भीती या वेळी मला वाटली. नंबर फिरवावा की काय, असं मनात आलं.

काकी वाती वळत होती. "हो वाजवणारो खयचो?"

"माहीमचो."

"हात बरो आसा," ती म्हणाली. वात संपेपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "आता ती पेटयेवाली लाव."