दरडीखालचा माणूस

आल्प्स म्हटलें कीं हिमशिखरें, हिरवीं कुरणें आणि घंटा वाजवीत चाललेल्या गायी आमच्या डोळ्यांपुढें येतात. हें चित्र खोटें नव्हे. पण तें दुरून पाहणाराचें आहे. शार्ल-फर्दिनां रामूझ (१८७८-१९४७) या फ्रेंचमध्यें लिहिणाऱ्या स्विस लेखकाची 'देर्बोरांस' (१९३४) ही कादंबरी इंग्रजी भाषांतरांतून वाचतांना त्या कुरणावर राहणाराचें चित्र आम्हांस प्रथम दिसलें.

कथेचा आधार खरा आहे. १७१४ सालीं दियाब्लरे पर्वताचा कडा देर्बोरांसच्या कुरणावर कोसळला. १७४९ मध्यें पुन्हां कोसळला. तिकडची रीत अशी होती कीं, उन्हाळ्यांत पुरुष गुरें घेऊन उंचावरील कुरणांवर जात, झोपड्यांत राहून चीज करीत. बायका व म्हातारे खालीं गांवांत. एकच संसार, पण अर्धा वर, अर्धा खालीं! रामूझनें हें अंतर अचूक हेरलें आहे. नुकतेंच लग्न झालेला अंत्वान दरडीखालीं गाडला जातो, सुमारें सात आठवडे पाव, चीज आणि झिरपतें पाणी यांवर जगतो, आणि वाट काढून परततो, तों गांव त्याला भूत समजतें.

सामान्य लेखकानें येथें गांवकऱ्यांची टर उडविली असती, किंवा लगेच आनंदाश्रूंची भेट घडवून आणली असती. रामूझ दोन्ही मोह टाळतो. गांवानें या माणसाचा शोक करून टाकलेला. आतां धर्मगुरु क्रूस घेऊन पुढें होतो. आम्हांस हंसूं आलें नाहीं, कारण हिमनदीवर सैतान दगडांनीं खेळतात ही धनगरांची समजूत लेखकानें आरंभींच आमच्या कानांत घातली होती. आम्हीही त्या गर्दींत उभे होतों.

त्याची फ्रेंच ओबडधोबड असल्याची टीका झाली. १९२९ सालीं एका जाहीर पत्रांत त्यानें आपल्या प्रांतींच्या बोलीची बाजू मांडली. (शुद्ध भाषेचा सोंवळेपणा आमच्याकडेच आहे असें नव्हे!) भाषांतरावरून याचा निवाडा आम्ही करणार नाहीं. मात्र तींच तीं वाक्यें घोळवण्याची त्याची संवय पूर्वार्धांत कंटाळा आणते, हें सांगितलेंच पाहिजे.

शेवटीं अंत्वान पुन्हां वर जातो. दरडीखालीं राहिलेल्या वृद्ध सेराफँला त्याला उकरून काढावयाचें आहे. त्याची गर्भवती पत्नी तेरेज एकटीच त्या दगडांच्या राशींत शिरते, आणि त्याला खालीं घेऊन येते.