बर्फाच्या लादीतला पिक्चर

ब्रूस लीचा ‘द बिग बॉस’ (१९७१) म्हणजे लाखभर डॉलरात उरकलेला पिक्चर. उड्या खोट्या, रक्त रंगाचं. ठोसा खाऊन माणूस फळ्यांतून आरपार जातो, मागं भोक अगदी माणसाच्याच आकाराचं! तरी दोस्तहो, पिक्चर झकास आहे.

गोष्ट थायलंडातल्या बर्फ कारखान्याची. मालवण-देवगडला मासळीवर पडतो तसलाच बर्फ. लादी फुटते, आत गर्द निघते. मालकाचे पैसे नाकारणारे दोघे गायब होतात. कामगार काम बंद पाडतात. गुंडांना लोळवणाऱ्या चेंगला मालक काय करतो? फोरमन! वर दारू पाजतो. सोबती म्हणतात, हा फुटला.

इथं कार्यकर्त्यांनी सावरून बसावं. लढणारा माणूस सुऱ्यानं संपतो, तसा खुर्चीनंही संपतो. एवढं सरळ आपली भारी भारी नाटकंसुद्धा सांगत नाहीत.

भिंतीतलं भोक माफ. खरं भोक शेवटाला आहे. सगळे सोबती मेल्यावर चेंग एकटा लढतो. मालक मरतो, चेंगला बेड्या पडतात. कारखान्याचं पुढं काय, कुणी विचारत नाही. ७ नोव्हेंबर १९३८ चा मुंबईतला संप बाबासाहेबांनी हजारोंच्या एकजुटीवर उभा केला होता.

लाथेला शिट्टी जरूर मारा. मग युनियनची पावती फाडा.