‘स्पोकन ट्युटोरियल’मधील लिनक्स: एक परीक्षण

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. धडा साधारण दहा मिनिटांचा. अर्ध्या पडद्यावर चित्रफीत पाहायची, उरलेल्या अर्ध्यावर तीच कृती करायची. जबलपूरसारख्या हिंदीभाषक शहरात शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यालाही शिक्षकाविना, आपल्या भाषेत आज्ञा शिकता येतात, हे या धड्यांचे मोठे यश होय.

मात्र या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: शिकणाऱ्याचा संगणक सुरळीत चालतो. प्रत्यक्षात नवशिका अनेकदा त्याआधीच अडतो. लिनक्स बसते, पण वाय-फाय दिसत नाही. अनेक वाय-फाय चिपना निर्मात्याचे बंदिस्त फर्मवेअर लागते. ते नसेल तर ड्रायव्हर असूनही उपयोग होत नाही. मुक्त सॉफ्टवेअरबाबत काटेकोर असलेल्या डेबियननेही २०२२ मध्ये मतदान घेऊन असे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेण्याचे ठरवले. २०२३ च्या डेबियन १२ मध्ये ते आले. अडचण किती खरी आहे, हे यावरून कळते.

अशा वेळी समुदायाची मदत लागते, आणि ती मागणे हेही कौशल्य आहे. ‘वाय-फाय चालत नाही’ एवढ्यावरून कोणी काय सांगणार? ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा चिपची ओळख देते, ‘डीमेसेज’ कर्नलच्या नोंदी दाखवते. प्रश्नासोबत ही माहिती दिली, तर अनोळखी स्वयंसेवकही नेमका उपाय सुचवू शकतो.

म्हणून हे धडे जरूर पाहावेत. पण बरोबर चाललेल्या कृतीची नक्कल म्हणजे लिनक्स येणे नव्हे. बिघाड वाचता येणे, हा पुढचा धडा आहे.