संगणकीय रेखाचित्र : रेषेचा आभास

छायाचित्र कृष्णधवल करावे, त्याची छटा उलटवलेली प्रत वर ठेवून ‘कलर डॉज’ लावावा, ती धूसर करावी. फोटोशॉपमध्ये क्षणार्धात पेन्सिलचित्र अवतरते. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत थरांची सोय झाल्यापासून हे अगदीच सुलभ झाले. वस्तुतः येथे रेषा काढलीच जात नाही. छटा जेथे एकदम बदलते, तेथे काळा काठ उरतो, इतकेच. परिणामी कपाळावरची आठी व सदऱ्याची चुणी यांना सारखेच महत्त्व लाभते. शालेय गणिताच्या पाठ्यपुस्तकांतून वरवट बकालसारख्या गावांतही परिचित झालेल्या शि. द. फडणीसांच्या चित्रांत अनावश्यक ते सारे गाळलेले असते. विनोद त्या गाळण्यातूनच, शब्दांविना उमटतो. दिवंगतांच्या छायाचित्रावर उपरोक्त प्रक्रिया केल्यास मात्र चेहऱ्याआधी पाठीमागच्या पडद्याच्या घड्याच नजरेत भरतात.